एडनाबाईंनी पुढे केलेला पेला

कल्पना करा, तुम्ही इंग्लंडमधल्या न्यायाधीशांचा पांढऱ्या केसांचा टोप घालून उंच खुर्चीत बसला आहात आणि समोरच्या माणसाला किती वर्षं तुरुंगात पाठवायचं, हे तुम्हालाच सांगायचं आहे.

रोझलिंड थॅकरे आमच्या लीड्सच्या कोर्टात न्यायाधीश झाल्या, त्या पहिल्याच आठवड्यात शिक्षा सुनावायला त्यांनी आरोपीला उभं केलं. त्याच्या वकिलाने दयेसाठी बोलायचं राहिलंय, हे त्या विसरल्या होत्या. नवखा वकील घाबरून गप्प बसला. तेवढ्यात कोर्टाच्या शिपाई एडना बिकरडाइक पाण्याचा पेला ठेवायला पुढे आल्या आणि पुटपुटल्या, “त्याच्या वकिलाचं ऐकायचंय अजून, बाईसाहेब.”

वकील बोलला. आरोपीने चोरीचा माल स्वतःहून परत केला होता. रोझलिंडनी मनात धरलेली चार वर्षं दोनवर आली.

“वाचवलंत मला,” त्या नंतर आतल्या खोलीत म्हणाल्या.

“तुम्हाला कसलं? त्याला वाचवलं. चहा घ्या, तोंड बघा किती उतरलंय!”

पुढे रोझलिंड लंडनच्या अपील कोर्टात पोचल्या. निवृत्तीच्या दिवशी भरल्या कोर्टात त्यांनी सर्वांत आधी एडनाबाईंचे आभार मानले. आजही एडनाबाई भेटल्या की रोझलिंड विचारतात, “माझ्या लक्षातही आलं नाही, असं आणखी किती वेळा सांभाळलंत मला?”