टाकून दिलेल्या बारीक मुळ्या

ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आणि कोंबडीच्या पायांसारखं अक्षर पोटात घालावं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच.

जळोचीला आमच्या रानाशेजारी शेतकी खात्याचे एक साहेब राहायला आले होते. पिकाच्या मुळांत एक बुरशी राहते आणि ती पिकाला पोसायला मदत करते, असं ते सांगत. कालव्याकाठच्या उसाची आणि सुप्याकडच्या जिराईत ज्वारीची मुळं ते गाठोडी बांधून आणवत. ती धुऊन द्यायचं काम मला मिळालं.

सासूबाई म्हणाल्या, "मुळ्या धुवायला सरकार पैसं देतंय! उद्या वारा पाखडायला बोलवंल."

धुतलेली मुळं साहेब पोटॅशच्या पाण्यात उकळत आणि निळ्या रंगात बुडवत. मुळाचा रंग नंतर निघून जाई, बुरशी असली तर तेवढीच निळी राही. मग बोटाच्या पेराएवढे तुकडे काचेवर मांडून बारीक गोष्ट मोठी दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघत आणि शंभरातले किती निळे ते लिहीत.

पंधरा दिवस एकही निळा निघाला नाही.

मग एकदा त्यांनी हाक मारली. "बाई, हे बघा."

मी डोळा लावला. केसाएवढ्या मुळात निळ्या धाग्यांचं जाळं होतं, मधेमधे इवली झाडं, फांद्या फुटलेली.

"एवढं एकच बारीक मूळ आलंय. बाकीची उपटतानाच तुटत असतील. जाड मुळांत तर काहीच नाही. एका मुळावर काय धरायचं? या जमिनीत बुरशी नसल्यातच जमा, असं उद्या कळवतो."

बारीक मुळं तुटत नव्हती, मीच टाकत होते. मी मुळं भाजीसारखी निवडत होते. तंतू ओरबाडून उकिरड्यावर, जाड तेवढी टोपलीत. आईनं शिकवलेली स्वच्छता ती. आळस केला असता तर बरं झालं असतं, हे मनाला फार लागलं.

घरी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, सांगितलं तर काम जाईल. न्हाय सांगितलं तर साहेब खोटं लिवतील."

"मग सांग की. तुला जीभ हाय, ह्ये तरी त्यांला कळंल."

सकाळी उकिरड्यावरच्या ओल्या मुळ्या ओंजळीत घेऊन मी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. "म्याच टाकल्या, साहेब. भाजीवानी निवडल्या."

त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "रंग मुंबईहून येतो, बाई. अर्धी बाटली संपली."

"माझ्या मजुरीतनं कापा."

परक्या पुरुषाशी एवढं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी लिहिलेला कागद फाडला आणि नवी गाठोडी मागवली. मी तंतू न् तंतू राखून माती सोडवली. या खेपेला निळे तुकडे मोजताना त्यांची पेन्सिल थांबेना.

दर शनिवारी दोन आणे कापले जात. होळीनंतरच्या शनिवारी साहेबांनी सगळी मजुरी माझ्या हातावर ठेवली आणि वहीत माझ्या नावापुढच्या बाकीवर रेघ मारली. रंगाचे पैसे पुरते फिटले होते.