आई झुरळं मारायला आली तेव्हा

साठ सालच्या आसपास आम्ही पनवेलला बिऱ्हाड केलं. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मी उरणकडच्या मिठागरात राबणाऱ्यांची मुलगी, नवरा शाळेत मास्तर. मला दिवस गेले होते, आणि मोरीतून अंगठ्याएवढाली झुरळं वर यायची. एखादं उडत अंगावर आलं की मी किंचाळत जिन्यात पळायची.

आईला कळलं तशी ती एसटीने आली. पदर खोचून दोन दिवस राबली. फडताळ ओढून मागच्या फटी सिमेंटने बुजवल्या, मोरीत उकळतं पाणी ओतलं, बोरिक पावडर आणि साखर कणकेत मळून गोळ्या कोपऱ्यांत ठेवल्या. सकाळी सुपलीभर मेलेली झुरळं निघायची.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर बायकोला घेऊन चहाला आले. बोलता बोलता एक झुरळ झोकांड्या खात खुर्चीखाली आलं. बाईंनी पाय वर घेतले. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने ते हातानेच उचललं.

"भिऊ नका, बाई. मरायलाच टेकलंय. काय करत नाय."

ते खिडकीबाहेर टाकून तिने त्याच हाताने चिवड्याची बशी पुढे केली. बाईंनी कप खाली ठेवला. दोघं लगेच उठली.

दार लागताच मी कडाडले, "ही काय गावची झोपडी आहे? चारचौघांत माझी लाज काढलीस!"

"चुकलं माजं, बाय," आई एवढंच म्हणाली. मोरीत जाऊन तिने साबणाने दोनदा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती गेली. नवरा म्हणाला, "जाऊन घेऊन ये त्यांना." मी म्हटलं, "बाळंतपणाला येईलच की."

महिन्याभराने निरोप आला. आई तापाने चार दिवसांत गेली होती. मला आठवा लागला होता. गर्भार बाईने प्रेत बघू नये म्हणून मला कुणी नेलं नाही. नवरा एकटाच जाऊन आला.

मुलगी झाली. बाळंतपण सासूबाईंनी केलं. भेटायला आलेल्या शेजारणी म्हणायच्या, "तुमच्याकडे एकही झुरळ नाही, काय करता हो?"

मी सांगायची, "आईने केलंय." पुढचं कधी कुणाला सांगता आलं नाही.