कनेक्टरच्या आतली काळी रेघ

त्या नारिंगी कनेक्टरच्या आत जी काळी रेघ होती, ती विजेने पडलेली नव्हती. ती माझ्या ठाण्यात, माझ्यादेखत पडली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, वरिष्ठांना नाही आणि कोर्टात शपथ घेऊनही नाही. मुदतीआधीच नोकरी सोडली, पण तो मामला काही मला सोडत नाही.

मी तेव्हा ग्वाल्हेरमध्ये एका ठाण्याचा टीआय, म्हणजे प्रभारी होतो. दुपारी खबर आली की शहराच्या कडेच्या एका गॅरेजात करंट लागून मेकॅनिक गेला. बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्या तिथे उभ्या राहत आणि दुरुस्त होत. मेलेला माणूस तरुण होता, किला गेटकडे राहणारा, नुकतंच लग्न झालेला. गाडीच्या बॅटरीचा कनेक्टर ओढून काढताना त्याची बोटं आतल्या पिनांना लागली होती. या गाड्यांमधली वीज घरातल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त दाबाची असते. तिथे दुसरी संधी मिळत नाही.

आम्ही मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, कनेक्टर जप्त केला. मुठीएवढा, नारिंगी प्लास्टिकचा. टॉर्च मारून मी आत पाहिलं होतं. बाहेरच्या कडेला एक टवका उडाला होता, पण आतून तो अगदी स्वच्छ होता. पंचनाम्यात मी टवक्याबद्दल लिहिलं. आतल्या बाजूबद्दल एक शब्द लिहिला नाही. जिथे काही दिसत नाही तिथे लिहायचं काय, ही आमची सवय.

संध्याकाळी मालखान्याचा हवालदार मुद्देमाल बांधायला बसला. कधीतरी सैल सीलवरून त्याला कोर्टात बोलणी खावी लागली होती, तेव्हापासून तो सगळं जरा जास्तच घट्ट बांधायचा. गुळगुळीत प्लास्टिकवर चिठ्ठीची दोरी सरकत होती, म्हणून त्याने ती कनेक्टरच्या आतून ओवली. दोरी नायलॉनची. गाठ सुटू नये म्हणून तिची टोकं जाळायची, हे प्रत्येक ठाण्यात चालतं. त्याने लायटर लावला. दोरी पेटली आणि वितळलेलं जळकं नायलॉन आतल्या भिंतीवरून ओघळलं. एका पिनच्या खोबणीपासून दुसरीपर्यंत काळी रेघ उमटली.

मी म्हटलं, "अहो, जरा बघून. काळं झालं ना ते."

"कुछ नहीं साब," तो म्हणाला, "सील पक्की बैठनी चाहिए बस." मग त्याने ती दोरी काढून टाकली, कनेक्टर कापडात गुंडाळला आणि वरून लाखेचं सील केलं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोरच्या पंक्चरवाल्याने माझ्या माणसाच्या कानावर घातलं की पोलीस यायच्या आधी गॅरेजच्या मालकाने, सेठने, त्या गाडीतून काहीतरी घाईघाईने काढून घेतलं होतं. मी तिथल्या दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. पोलिसांना घाबरणारा माणूस आपल्या नजरेला नजर देत नाही आणि मालकाला घाबरणारा सारखा स्वतःच्या मोबाइलकडे बघत राहतो, हे इतक्या वर्षांत कळलं होतं. हा मोबाइलकडे बघत होता. मी तो घेऊन खणात टाकला, चहा मागवला आणि इकडचं तिकडचं बोलत बसलो. चहा संपायच्या आत तो बोलायला लागला. कनेक्टरमध्ये एक छोटी पिन होती. तिच्यावर धूळ बसली की गाडी चालू व्हायची नाही, आणि सेठ आरडाओरडा करायचा. म्हणून सेठच्या सांगण्यावरून सगळ्या गाड्यांमध्ये त्या पिनच्या जागी तारेचा तुकडा खुपसून ठेवला होता; त्या गाडीतला तुकडा सेठने अपघातानंतर काढून घेतला.

त्या पिनचं महत्त्व मला समजावून सांगितलं ते कनेक्टर बनवणाऱ्याने. तो शहराच्या लष्कर नावाच्या भागातला, बाडा चौकामागे राहणारा मराठी इंजिनियर. पूर्वज दरबारात कारकून, हा नोकरी सोडून स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रमलेला. अपघाताचं ऐकून तो आपण होऊन ठाण्यात आला. प्लास्टिकमध्ये काचेचे बारीक धागे मिसळून त्याने असं कवच तयार केलं होतं की ते तापून वाकत नव्हतं आणि आदळून फुटत नव्हतं. पण त्याचा खरा शोध ती छोटी पिन. कनेक्टर ओढला की ती सगळ्यात आधी सुटते आणि तिच्या सुटण्याने बॅटरीची वीज तोडली जाते. मोठ्या पिना उघड्या पडतात तेव्हा त्यांच्यात काही उरलेलंच नसतं. तार घातली की हे सगळं फुकट. पेटंटचा अर्ज त्याने केला होता, बाहेरगावची एक कंपनी नमुने तपासत होती, आणि घर त्या आशेवर चाललं होतं.

इथवर मामला सरळ होता. सेठवर गुन्हा दाखल करायची मी तयारी केली. तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. सेठ वरपर्यंत पोचला आणि एका वरिष्ठांचा मला फोन आला. हसतच म्हणाले, "सुना है इंजिनियर आपके मराठा भाई हैं. घर का मामला है क्या?" आणि त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला. कनेक्टरच्या आत दोन पिनांमध्ये जळकी रेघ आहे, प्लास्टिकमधून वीज वाहिल्याची शक्यता आहे, सबब कवच सदोष.

अहवाल वाचताच मला रेघ कुठली ते कळलं. हवालदारालाही कळलं. तो दारात येऊन उभा राहिला, "साब, वो लकीर..." मी त्याला काम बघायला सांगितलं.

खरं सांगितलं असतं तर मालखान्यात मुद्देमाल बिघडला म्हणून विभागीय चौकशी लागली असती. ती एक वेळ मी निभावली असती. पण सगळ्या शहरात झालं असतं की टीआयने आपल्या मराठ्याला वाचवायला पुरावाच खोटा ठरवला. आम्ही मराठी माणसं इथे मूठभर. आयुष्यभर मी जपलं होतं की कुणी माझ्याकडे त्यावरून बोट दाखवू नये. त्या जपण्यापायी मी एका निर्दोष माणसाला अटक केली.

चौकशीत मी त्याच्यासमोर अहवालातला फोटो ठेवला. त्याने तो उजेडात तिरका धरून पाहिला. मग मराठीत म्हणाला, "साहेब, ही वीज नाही. वीज वाट शोधत जाते, तिला फांद्या फुटतात. हे वरून खाली ओघळलंय, मेण ओघळावं तसं. कुणीतरी याला ज्योत लावली आहे." फोटो खाली ठेवून त्याने विचारलं, "तुम्ही स्वतः जप्त केलंत. तुमच्या हातात आलं तेव्हा हे असं होतं का?"

मी हिंदीत उत्तर दिलं. "रिपोर्ट में जो है, वही है."

आम्ही दोघं तोवर मराठीत बोलत होतो. त्यानंतर तो माझ्याशी मराठीत बोलला नाही.

खटला उभा राहिला. तारेची कबुली देणारा मेकॅनिक कोर्टात फिरला, सेठ साक्षीदार झाला. बचावाच्या वकिलाने मला विचारलं की जप्तीच्या वेळी कनेक्टर आतून पाहिला होता का. मी म्हणालो, स्मरत नाही. बाहेर व्हरांड्यात इंजिनियरची बायको उभी होती. ती म्हणाली, "यांनी वकिलाला सांगून ठेवलं होतं, टीआय साहेबांनाच विचारा, ते आपले आहेत, खोटं नाही बोलणार."

काही वर्षांनी तो सुटला, संशयाचा फायदा मिळून. म्हणजे निर्दोष असं कुणी म्हटलंच नाही. मधल्या काळात कंपनीने नमुने परत पाठवले, पेटंटच्या आक्षेपांना उत्तर द्यायची मुदत उलटून गेली, अर्ज बाद झाला. वर्कशॉपच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तो कुठेतरी मुलांना गणित शिकवतो, असं ऐकतो. मेलेल्या मेकॅनिकच्या किला गेटच्या बायकोला सेठकडून काहीच मिळालं नाही, कारण कागदोपत्री सेठची चूकच नव्हती.

ठाण्यात खोटं बोलणारे मी खूप पाहिले आणि पकडलेही. या मामल्याने मला शिकवलं ते वेगळंच. ज्याच्या हातात सगळे कागद असतात त्याला खोटं बोलायची फारशी गरजच पडत नाही. तो नुसता गप्प राहिला तरी माणूस बुडतो, आणि गप्प राहणाऱ्याला बढतीसुद्धा मिळते. मला मिळाली.

हे सगळं लिहिताना मी एकाचंही नाव घातलेलं नाही. त्यामुळे हा मजकूर कुठल्याही कोर्टात चालणार नाही आणि त्या दोन घरांच्या उपयोगाचाही नाही, हे मी जाणून आहे. ती रेघ माझ्या ठाण्यात पडली आणि मी ती पडताना पाहिली, असं माझ्या नावानिशी शपथपत्र मी त्या इंजिनियरला आणि त्या मेलेल्या मेकॅनिकच्या बायकोला देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.