साळवे घरी नाहीत

आमची मुलगी हायस्कूलला लॅटिन घेते म्हणाली, तेव्हा मी उखडलोच. अमेरिकेत, सांता क्लारासारख्या कॉम्प्युटरवाल्यांच्या गावात राहून भाषा शिकायची तर कॉम्प्युटरची शिकावी. मेलेल्या रोमन लोकांची कसली शिकायची?

"बट बाबा, रामरक्षा इज ऑल्सो डेड लँग्वेज. तुम्ही संडेला म्हणायला लावताच ना?"

हा घरचा आहेर मिळाल्यावर मी शाळेच्या फॉर्मवर सही केली.

तिला सगळं पहिल्यापासून सांगायची हौस. रोमन सैन्यात परक्या मुलखातली माणसं पंचवीस वर्षं चाकरी करायची, मग त्यांना रोमचं नागरिकत्व मिळायचं. "यू आर लाइक देम," ती कौतुकानं म्हणाली. मी दहाच वर्षं चाकरी केली होती, तीही खुर्चीत बसून. पण हा विषय मला नको होता. दोन वर्षांपूर्वी मी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि नागपूरला तसं कळवलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले हेडमास्तर. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आईच्या पत्रात शेवटची चार बोटं जागा त्यांची असायची, ती कोरी येऊ लागली. मी पत्रामागून पत्रं लिहून खुलासे केले: नोकरी, व्हिसा, मुलीचं शिक्षण. मुद्दे बिनतोड होते. जागा कोरीच राहिली.

अशात मी घरी कुणी नसताना फोन उचलून निरोप टेप करणारं आन्सरिंग मशीन आणलं. यंत्राशी बोलायची लाज वाटते म्हणून बायकोनं हात झटकले, आणि मुलीनं जादा मार्कांसाठी निरोप लॅटिनमध्ये भरला. "सालवे! नेमो दोमी एस्त..." म्हणजे नमस्कार, घरी कुणी नाही, आवाजानंतर बोला. रोममध्ये सालवे म्हणजे नमस्कार. आमच्या महाराष्ट्र मंडळात मात्र साळवे म्हणजे साळवे.

लोक फोन ठेवून देऊ लागले. गणपतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "अरे, तुझा नंबर त्या साळव्यांना दिला वाटतं. तीनदा ट्राय केला मी. मुलगी बाकी गोड आहे हो त्यांची, तेलुगू का काय बोलते." मला हसू आवरेना. निरोप बदलायला सांगायचं मी मुद्दामच लांबवलं.

एका शनिवारी सकाळी आम्ही किराणा घेऊन आलो, तर मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. बटण दाबलं. आधी नुसती खरखर, आणि मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा असा आवाज.

"कोण, साळवे? माफ करा हं, नंबर चुकला. बाळ, बाबांना दे बरं फोन."

मग शांतता. अण्णांनी असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं. मुलीनं फोन बापाच्या हातात दिला, असं धरून ते बोलू लागले.

"साळवे साहेब, नमस्कार. नागपूरहून बोलतोय. माझा मुलगा तुमच्याच गावात असतो. भेटला तर त्याला सांगा..." ते खाकरले. "नाही, सांगू नका काही. तब्येत कशी आहे तेवढं बघा. लहानपणी दमा होता त्याला. थंडीत मफलर घेत नाही. तुमची मुलगी गोड बोलते हो. माझी नात एवढीच असेल आता."

इथे टेप संपली. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. "व्हाय इज आजोबा कॉलिंग यू साळवे?" मुलीनं विचारलं. मला रडू आलं होतं, आणि स्वतःचा रागही.

मी लगेच नागपूरला शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि अण्णांना बोलवायला सांगितलं. दोन वर्षांत ते एकदाही फोनवर आले नव्हते. आले.

"अण्णा, आत्ता तुम्ही फोन केला होता?"

"छे! मी कशाला करतोय?"

मग त्यांनीच हळूच विचारलं,

"तुमच्याकडे कुणी साळवे आहेत का रे?"

"आहेत."

"भला माणूस. मध्ये एक शब्द बोलला नाही. सगळं ऐकून घेतलं त्यानं."

नोकरी, व्हिसा, मुलीचं शिक्षण, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

"बोला अण्णा," मी म्हणालो.