मामंजींची सात भागांची कादंबरी

आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी वणीहून घाटंजीला आले. मॅट्रिकला बसले होते, गणितात राहिले. पुन्हा बसायचं चाललं होतं, तेवढ्यात हे स्थळ आलं. आमचे हे कापसाच्या जिनात कारकून होते आणि सासरे त्याच जिनात फिटर. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात तीनच माणसं. आईला तेच फार आवडलं. "कामाचा रेटा नाही," ती म्हणाली.

पहिल्याच हंगामात मामंजी पडले. शाफ्टचा पट्टा चढवायला शिडीवर गेले, शिडी सरकली आणि खुबा मोडला. यवतमाळच्या दवाखान्यात दीड महिना काढून त्यांना जिनाच्या ट्रकमध्ये सरकीच्या पोत्यांवर गादी टाकून घरी आणलं. ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

त्यांची बाज पुढच्या खोलीत होती. घराला दार एकच, तेही त्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ त्यांचं सगळं हे करायचे. दिवसा मी. दुपारी भांडं बाजेजवळ सरकवायचं आणि तोंड फिरवून आत जायचं, असं आमचं न बोलता ठरलेलं होतं. त्यांना एकटं टाकायचं नाही, ही यांची ताकीद. म्हणून बाजार हे आणायचे, दळण हे न्यायचे, आणि मी अंगणातल्या नळापलीकडे जात नसे. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि "येणं होणार नाही, ठाऊक आहे" असंही स्वतःच म्हणून जायच्या. दीड वर्षात मी घाटंजी गाव पाहिलं नव्हतं.

पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, म्हणून सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला यायचे. एकदा त्यांनी मलमाची नळी दिली. तिच्याभोवतीचा कागद मी दारामागून मोठ्यानं वाचून दाखवला. ते गेल्यावर मामंजी म्हणाले, "सूनबाई, तुले जाड पुस्तक वाचता येईन का?"

"येईल."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते पांढरकवड्याच्या जिनात होते. तिथला स्टोअरकीपर सुट्टी झाल्यावर मजुरांना एक जादूची कादंबरी वाचून दाखवायचा. सात भाग. अडीच भाग झाले आणि हंगाम संपला, माणसं पांगली. पुढं काय झालं ते मामंजींना तीस वर्षं कळलं नव्हतं. घाटंजीच्या वाचनालयात ती कादंबरी आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण हाताला सवड नव्हती आणि अक्षर लावत वाचायचं म्हणजे जन्म गेला असता.

यांनी पहिला भाग आणला. गोष्ट अशी होती: उत्तरेकडच्या एका राज्याची नदी एक मांत्रिक आपल्या गडावर ओढून नेतो. राज्य वाळतं. राजपुत्र नदी परत आणायला निघतो, बरोबर सहा सोबती. वाटेत बोलणारे डोंगर, दगड झालेली माणसं, मोठमोठ्या फौजा. तिसऱ्या भागात त्याची वाग्दत्त राजकन्या मांत्रिकाच्या हाती लागते आणि काचेच्या किल्ल्यात कोंडली जाते.

मला ते पुस्तक आवडलं नाही. तेव्हा हे सांगायची सोय नव्हती. जेवणं उरकली की डोक्यावर पदर घेऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे, आणि दोनपासून उन्हं कलेपर्यंत वाचायचे. घसा कोरडा पडायचा. पान उलटायला थांबले की बाजेवरून आवाज यायचा, "पुढं." आधी मी घरात अडकले होते, आता त्या घरात या पुस्तकातही अडकले.

मामंजींना सहा सोबत्यांमधला लोहार आवडायचा. तो सगळ्यांच्या तलवारी नीट करून द्यायचा. "त्याच्या हाताबिगर एक तलवार चालली नसती," ते म्हणायचे, "अन् त्याले अख्ख्या पानात दोन वळी! राजपुत्राच्या कपड्यांचंच वाचून राह्यली तू मघापासून."

कंपाउंडरांनी सातही भाग दोनदा वाचले होते. त्यांच्या मते खरा नायक मांत्रिक. पट्टी गुंडाळता गुंडाळता ते म्हणायचे, "मिस्त्री, राजपुत्राले सगळं आयतं भेटते. मांत्रिकानं बारा वर्सं तप केलं."

"अन् नदी चोरली ते?"

"अडवली म्हना. धरण बांधनाऱ्याले कोनी चोर म्हनते का?"

यावर मामंजी इतके चिडायचे की पट्टी पुन्हा बांधावी लागायची. पण तो दिवस त्यांचा बरा जायचा.

आठवड्यातून दोनदा जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन यायची. पाणी प्यायला पायरीवर टेकायची. वाचन चालू असलं की तीही ऐकायची. एकदा फौज निघाल्याचं मोठं वर्णन मी वाचत होते. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"किती लोक म्हनलं?"

"साठ हजार."

"अन् बैल?"

बैलांचं काही लिहिलं नव्हतं. तिनं मामंजींकडे पाहिलं. "आमचे बाप-आजे लदेणी करत. बैलाच्या पाठीवर दाना लादून फौजेच्या पुढं पोचवाचे. दाना नाई त साठ हजार लोक का हवा खातात? लिवनारा घरी जेवून बसला असन."

मामंजी हसले, हसताना खुब्यातून कळ आली, तरी हसत राहिले. त्यानंतर फौजेचं वर्णन आलं की तेच विचारायचे, "बैल हायेत का पाहा."

असं प्रत्येकाचं काहीतरी मत होतं. माझं कोणी विचारत नव्हतं, आणि मला असेल असं मलाही वाटत नव्हतं. तिसरा भाग संपत आला तेव्हा एका दुपारी कंपाउंडर आणि म्हातारी दोघंही होती. काचेच्या किल्ल्यात राजकन्या खिडकीशी बसून वाट पाहते, असं शेवटचं पूर्ण प्रकरण होतं. ते वाचून झालं. कंपाउंडर म्हणाले, "याले म्हनते निष्ठा."

म्हातारीनं माझ्याकडे मान वळवली. "तुले कसं वाटते, बेटी?"

कंपाउंडर थांबले. मामंजींनीही मान थोडी वळवली. मी पुस्तकाकडे पाहत राहिले आणि एकदम बोलून गेले.

"ती कोंडलेली नाहीच आहे. दासी दिवसातून दोनदा जेवण आणते, म्हणजे दार दोनदा उघडते. पहारेकरी दुपारी झोपते, हे पुस्तकातच हाये. मग ती बसून काहून हाये? तिनं जावं असं कोणाच्या मनातच नाही. लिहिणाऱ्याच्याही नाही, अन् तिच्याही नाही."

कंपाउंडर हसले. "अवो वहिनी, ती गेली त पुढचे चार भाग कायचे लिवाचे?"

मामंजी हसले नाहीत. "पुस्तक ठेव," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन बसले तर म्हणाले, "आज नको." तिसऱ्या दिवशीही तेच. कंपाउंडर येऊन पट्टी करून जायचे, बोलणं व्हायचं नाही. मला वाटलं होतं, वाचन सुटलं तर बरं वाटेल. तसं झालं नाही. दुपारी मी तांदूळ निवडायचे, ते निवडून झाले की पुन्हा तेच निवडायचे. बाजेची दोरी करकरली तरी हातातलं सूप खाली ठेवून मी कान द्यायचे. आपण सासऱ्यांना काय बोलून बसलो, हे यांच्या कानावर जाईल का, माहेरी कळवतील का, हेच डोक्यात. पुस्तक कितीही कंटाळवाणं असलं तरी त्यात निदान डोंगर होते, रस्ते होते. आता चार भिंती होत्या आणि भिंतीकडे तोंड करून पडलेले मामंजी.

दोन आठवडे असे गेले. मग एका दुपारी ते म्हणाले, "चौथा भाग आणाचा हाये."

"हे आणतील ना संध्याकाळी."

"तो विसरते. तू जाय."

मी दाराकडे पाहिलं.

"दार दिवसातून दोनदा उघडते म्हनलं ना तू? मंग जाय."

"तुमाले एकटं कसं टाकू?"

"मी कोठी पळून चाललो?"

भांडं बाजेखाली हाताशी ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि निघाले. वाचनालय बाजाराच्या मागे होतं, एकच खोली. दोन जण पेपर वाचत होते, ते वर पाहू लागले. मी यांचं नाव सांगायला लाजले, सासऱ्यांचं सांगितलं. ग्रंथपाल पुस्तक शोधायला आत गेले. टेबलावर वाचकांच्या अभिप्रायाची वही होती, दोरीनं पेन्सिल बांधलेली. मी उभ्या उभ्या पानं चाळली. आमच्या कादंबरीबद्दल बरंच लिहिलं होतं. 'उत्तम.' 'राजपुत्राचा स्वभाव आदर्श आहे.' 'लांबण फार.' 'पाचव्या भागातील युद्ध दोनदा वाचले.' 'सहावा भाग ज्यांनी घरी ठेवून घेतला आहे त्यांनी कृपया परत करावा.' राजकन्येबद्दल एका ओळीचाही अभिप्राय नव्हता. मी पेन्सिल उचलली.

"मेंबरानंच लिहावं लागते, बाई," ग्रंथपाल म्हणाले. पेन्सिल मी खाली ठेवली.

बाहेर आले. डावीकडे मोटार स्टँडचा रस्ता, उजवीकडे घराचा. माझ्याजवळ अजून बराच वेळ होता आणि त्याचं काय करायचं हे मला येत नव्हतं. एका निंबाच्या सावलीत उभी राहिले. ओळखीचं कोणी नाही, जायचं कुठं नाही. मग मामंजींचा विचार आला आणि मी जवळजवळ धावत सुटले.

त्यांच्या हाताला भांडं लागलं नव्हतं. हात घालताना ते पुढं सरकलं असावं. गादी ओली होती. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मला त्यांचा राग आला, माझा आला, पेन्सिल खाली ठेवायला लावणाऱ्या त्या माणसाचा आला. मी चादर ओढली, त्यांना कुशीवर केलं, कोरडं धोतर नेसवलं. त्या दिवशी मी तोंड फिरवलं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पाहून घेतलं. अर्धा तास निघत नाई माह्यानं."

मी चौथा भाग उघडला आणि वाचायला लागले.

हा प्रकार म्हातारीला कसा कळला कोण जाणे. मामंजींनीच सांगितला असेल. पुढच्या बाजाराच्या दिवशी मोळी टाकून ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "जाय तू. मी बसतो एक घंटा." यांनी आधी तोंड वाकडं केलं. मामंजी म्हणाले, "माह्या घरात कोन बसन ते मी ठरवीन." तेव्हापासून आठवड्याचा एक तास मला मिळाला.

त्या तासात मी वाचनालयात जायचे, तिथून नदीपर्यंत आणि परत. पुलाच्या पलीकडे कधी गेले नाही. वाचनालयात एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेशी ओळख झाली. त्या म्हणाल्या, यवतमाळला मास्तरणीचं ट्रेनिंग आहे, राहायची सोय आहे, तुमचं वाचन चांगलं आहे, मॅट्रिक पुरं करा. मी म्हटलं, "घरी माणूस अंथरुणावर आहे." ते खरंच होतं. पण ते सांगताना मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते. त्यांनी पुन्हा दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं.

सहावा भाग परत आलाच नाही. वाट पाहून पाहून आम्ही सातवा घेतला. राजपुत्र काचेचा किल्ला फोडतो, नदी सुटते, लग्न लागतं. शेवटचं पान मी वाचलं तेव्हा कंपाउंडरही होते. मामंजी म्हणाले, "लोहार कोठी गेला?"

सातव्या भागात लोहार नव्हता.

"तो सहाव्यात मरते," कंपाउंडर म्हणाले.

"कसा?"

कंपाउंडर आठवू लागले. आठवेना.

"दोनदा वाचली अन् इसरले!" मामंजींनी बाजेवर हात आपटला. "राजपुत्राच्या घोड्याचं नाव ध्यानात हाये तुमच्या. अन् तो मानूस कसा मेला ते इसरले!" त्यांनी त्या दिवशी पट्टी करू दिली नाही. कंपाउंडर तोंड पाडून गेले. मी विचारलं, दुसरं पुस्तक आणू का. ते म्हणाले, "माहं झालं आता वाचन."

त्याच वर्षी पोळ्यानंतर पाठीच्या जखमांचा ताप चढला आणि चार दिवसांत ते गेले. म्हातारी तेराव्याला आली, बाज होती त्या जागेशी बसली, आणि तिच्या बोलीत मोठ्यानं रडली. मला रडू आलं नाही. मला भीती वाटत होती. आता दार मोकळं होतं, कोणाला विचारायचं नव्हतं, आणि मी महिनाभर त्या नळापलीकडे गेले नाही.

पुढच्या हंगामाआधी यांची बदली पांढरकवड्याच्या जिनात झाली. घर नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून मिळालं. दिवसभर ट्रक जायचे, भांडी हलायची. माझ्या दोन मुली तिथंच झाल्या. ड्रायव्हर आमच्या नळावर पाणी भरायला थांबायचे. मी विचारायचे कुठून आलात, कुठं चाललात. ते सांगायचे आणि निघून जायचे. नागपूर मी पहिल्यांदा पाहिलं ते डोळ्याच्या ऑपरेशनला, आणि तेही एकाच डोळ्यानं.