नातीचं आतडं आणि माझं

नातीला गहू सोसत नाही असं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, आतड्याच्या अस्तरात पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्या जंतूंना मारतात आणि अन्नाला सोडून देतात. हिच्या पेशी गव्हालाच शत्रू समजतात, आणि त्या भांडणात अस्तर झिजतं. गहू कायमचा बंद.

नोएडाच्या आमच्या घरी सगळ्यांच्या ताटात पोळी आणि तिच्या एकटीच्या ताटात ज्वारीची भाकरी. ती ताट सरकवून द्यायची. वजन काही वाढेना.

एकदा जेवताना मी मुलाला म्हणाले, "हिच्याकडे बघून माझं आतडं तुटतं रे."

पोर इकडेच वाढलेली, मराठी जेमतेम. ती माझ्याकडे बघत राहिली.

"अच्छा, आजी, तुझं पण? मग पोळी का खातेस? बिल्कुल नाही खायची."

मुलगा हसला आणि तिला अर्थ सांगायला लागला. मी त्याला म्हटलं, "गप्प जेव."

तिनं माझी पोळी उचलून बापाच्या ताटात टाकली आणि अर्धी भाकरी मला दिली. "हळूहळू बरं होतं," म्हणाली, आणि मला दाखवायला आधी स्वतः घास घेतला.

भाकरी माझ्या दातांना झेपत नाही. मी ती वरणात कुस्करून सगळी खाल्ली. तिनंही खाल्ली.