साठावा कॉम्प्युटर

हॉस्पिटलात थोरलीला सगळे फेरीवाली म्हणत. भाजीची नव्हे हो, कॉम्प्युटरची! दर मंगळवारी हातात वही घेऊन ती मजल्यामजल्यावर हिंडायची, एकेकाला खुर्चीतून उठवून पीडीएफ उघडायचं सॉफ्टवेअर नवं करून द्यायची आणि जाता जाता दम भरायची, "बाहेरून आलेली फाइल मला दाखवल्याशिवाय उघडायची नाही. तिच्यातून काय घुसेल सांगता येत नाही." अकरा वर्षं हा तिचा मान होता आणि तो तिला जिवापाड प्यारा होता.

मग तिच्याच कॉम्प्युटर खात्यात तिची धाकटी जाऊ नोकरीला लागली. घरी सासूबाई उठताबसता धाकटीचं कौतुक करायच्या, ते थोरलीनं कसंबसं गिळलं होतं. आता ऑफिसातही तेच! धाकटीनं पहिल्याच आठवड्यात, कपातला चहा संपायच्या आत, जागेवरून न उठता सगळ्या मजल्यांवरचं सॉफ्टवेअर नवं करून दाखवलं. साहेब बघतच राहिले. "मग आता मंगळवारची फेरी कशाला हवी?" असं सहज बोलून गेले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात धाकटी म्हणते कशी, "ताई, तुमचे पाय वाचले!" मेली, पाय वाचवायला सांगितलं होतं कुणी? महिनाअखेर दोघींपैकी एकीला खात्याची प्रमुख नेमणार होते, आणि वारं कुठल्या बाजूला वाहतंय ते झाडूवाल्यालासुद्धा कळत होतं.

अशात सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून एक इशारा आला. पीडीएफच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी फट सापडली होती. मुद्दाम बिघडवलेली फाइल नुसती उघडली तरी चोर आत! उपाय एकच, त्याच दिवशी नवी आवृत्ती टाकायची. धाकटीनं बसल्या जागेवरून ती सगळीकडे धाडली. पडद्यावर आलं, एकोणसाठपैकी एकोणसाठ.

"झाले ना ताई सगळे?" तिनं विचारलं.

एकोणसाठांवर कॉम्प्युटर संपत नाहीत हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. साठावा तळमजल्यावर, एक्स-रेचे रिपोर्ट टाइप करणाऱ्या काकांचा. नव्या आवृत्तीत त्यांच्या रिपोर्टची शेवटची ओळ छापताना कापली जायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनंच तिथं जुनी आवृत्ती ठेवली होती. कुणी चुकून ती बदलू नये म्हणून तो कॉम्प्युटर खात्याच्या यादीतूनच काढून टाकला होता. हे तिनं कुठं लिहून ठेवलं नव्हतं. कशाला ठेवायचं? फेरीला तीच तर जायची.

"झाले," थोरली म्हणाली. आणि मनात म्हणाली, पड आता तोंडावर. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, झकास वाटलं!

पुढच्या मंगळवारी ती जागची हलली नाही. कळू दे सगळ्यांना, फेरीवालीवाचून किती अडतं ते.

तळमजल्यावर काका मात्र तिची वाट बघत होते. बाहेरच्या दवाखान्यातून आलेली एक फाइल त्यांनी सकाळपासून तिच्यासाठी बाजूला ठेवली होती. दुपार झाली, ही बाई येईना, पेशंट दारात ताटकळलेला. शेवटी काकांनी ती उघडली. बघता बघता पडद्यावरच्या रिपोर्टांची नावं भलत्याच अक्षरांत बदलायला लागली. काकांचा फोन येताच थोरली धडाधड जिने उतरली आणि तिनं नेटवर्कची वायर उपटली. बाकीचे कॉम्प्युटर वाचले. पण चार दिवसांचे रिपोर्ट एक्स-रेसकट गेले ते गेलेच, आणि त्या सगळ्या माणसांना एक्स-रेसाठी पुन्हा बोलवायची वेळ आली.

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये घेतलं. आता धाकटीची बिनपाण्यानं हजामत होणार म्हणून थोरली वाट बघत उभी. पण धाकटीनं यादी पुढे केली. एकोणसाठ नावं, प्रत्येकापुढे खूण. यादीत बोट ठेवायला जागा नव्हती. मग साहेब काकांवर घसरले, "तुम्हीच काहीतरी भलतं बटण दाबलं असणार!"

"असेल साहेब," काका म्हणाले. "लागला असेल माझा हात. मला यातलं काही कळत नाही." आणि माफी लिहून द्यायला त्यांनी खिशातलं पेन काढलं.

थोरलीला ते बघवेना. "थांबा काका," ती म्हणाली आणि साठाव्याचं सगळं सांगून टाकलं. जुनी आवृत्ती, यादीतून काढलेलं नाव, सगळं. "मला माहीत होतं. हिची फजिती व्हावी म्हणून मी मूग गिळून बसले." साहेबांनी तिथल्या तिथं तिचे सगळे अधिकार काढून धाकटीला दिले. काकांनी पेन खिशात ठेवलं. "मला तरी सांगायचंस ना, पोरी," ते म्हणाले. "मी उघडली नसती."

बाहेर व्हरांड्यात धाकटी तिच्यासाठी थांबली होती. "ताई, यादीत नसलेले आणखी आहेत का?" आवाजात ना राग होता, ना टोमणा.

थोरलीचा चेहरा शरमेनं तापला होता. पण एवढं सगळं होऊनही धाकटीला आपल्यालाच विचारावं लागतंय, याचं तिला आतून बरं वाटलं.

"आणखी दोन आहेत," ती म्हणाली. केबिनमध्ये तिनं हे सांगितलं नव्हतं.